सगळं अंग दुखतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतात: फायब्रोमायल्जिया आणि नर्सची मदत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या कुठल्याही उपकेंद्रात बसा, महिन्याभरात अशा चार-पाच बाया भेटतातच. मान, खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळं ठणकतं. सकाळी उठल्यावर रात्रभर झोपलोच नाही असं वाटतं. तीन-चार दवाखाने झालेले असतात आणि पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा असतो. कुणी सांगितलेलं असतं 'वात आहे', कुणी 'नस दबली', कुणी 'काहीच नाही'. अशा दुखण्यामागे फायब्रोमायल्जिया हा सगळं अंग दुखवणारा दीर्घ आजार असू शकतो. या बायांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मी स्वतः नर्सिंग शिकून गावपातळीवर काम करते, त्यामुळे उत्तरं त्याच जागेवरून दिली आहेत.

रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं नॉर्मल आहे. मग माझं दुखणं खोटं का?

खोटं नाही. हे वाक्य मी दिवसातून कितीही वेळा म्हणायला तयार आहे, कारण अनेकींना ते आजवर कुणी म्हटलेलंच नसतं.

फायब्रोमायल्जियात स्नायू सडत नाहीत, सांधे झिजत नाहीत, हाडं पोखरली जात नाहीत. म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. बिघाड असतो तो दुखण्याची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या आणि तिथे तिचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत. शेताच्या कुंपणाला लावलेली झटका मशीन तुम्ही पाहिली असेल. तिची जुळणी बिघडली की तारेला गवताची काडी लागली तरी रानडुक्कर घुसल्यासारखा सायरन वाजतो. सायरन खराच वाजत असतो, तो सगळ्यांना ऐकू येतो. फक्त डुक्कर आलेलं नसतं. या आजारात मज्जासंस्थेचं असंच होतं. साधा दाब, थंड वारा, कमी झोप, घरातलं भांडण या सगळ्यांचं रूपांतर वेदनेत होतं.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा दुखण्यासाठी वेगळा प्रकारच मान्य केला. जखमेचं दुखणं वेगळं, नस दबल्याचं वेगळं आणि हे तिसरं. जगभरात साधारण शंभरातल्या दोन ते चार माणसांना हा त्रास असतो असं मानलं जातं, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त आहे.

हा आजार आहे हे ठरवतात कसं?

विचारून. यासाठी कुठली खास रक्ततपासणी नाही.

पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरच्या १८ ठरावीक जागा अंगठ्याने दाबून बघत. दाबणाऱ्याचं नख पांढरं पडेल इतका दाब द्यायचा आणि ११ जागी दुखलं तर फायब्रोमायल्जिया म्हणायचं. २०१० पासून पद्धत बदलली आणि २०१६ मध्ये ती आणखी नीट केली गेली. आता शरीराचे १९ भाग धरतात आणि गेल्या आठवड्यात त्यातले किती दुखले ते मोजतात. त्यासोबत थकवा किती, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात राहतं का, डोकं दुखतं का, ओटीपोटात दुखतं का, मन खचलेलं असतं का, हे विचारतात. त्रास किमान तीन महिने चाललेला हवा आणि तो अंगाच्या एकाच बाजूला किंवा एकाच भागात नको.

प्रत्यक्षात मी कागदावर माणसाची आकृती काढते, पुढून एक आणि पाठीमागून एक, आणि पेन बाईच्या हातात देते. 'जिथं दुखते तिथं रेघ मारा.' काही जणी पहिल्यांदा लाजतात. मग मानेपासून सुरुवात होते आणि पेन खाली खाली येत जातं. एका मावशीने दोन्ही आकृत्या जवळजवळ काळ्या केल्या आणि म्हणाल्या, "कुठं दुखते ते नका विचारू बाई, कुठं नाही दुखत ते विचारा." हा कागद जपून ठेवायचा. डॉक्टरांसमोर तीन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते त्या कागदावर असतं.

पक्कं निदान डॉक्टर करतात. नर्सचं काम म्हणजे अशी शंका वेळेवर येणं, माहिती नीट गोळा करणं आणि योग्य जागी पाठवणं.

त्याआधी दुसरं काय तपासून घ्यावं?

या प्रश्नावर आमच्या भागात घाई करून चालत नाही, कारण सगळं अंग दुखवणारे दुसरे आजार विदर्भात भरपूर आहेत.

पहिला सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि यवतमाळ-अमरावतीच्या आदिवासी भागात ही तपासणी झालेली नसेल तर आधी ती करायची. सिकलसेलच्या रुग्णाला हाडांत अचानक जीवघेणी कळ येते आणि त्या दुखण्याची तऱ्हा फायब्रोमायल्जियापेक्षा वेगळी असते. इथे एक गैरसमज फार दिसतो. जी व्यक्ती फक्त वाहक आहे, म्हणजे जिला आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलं आहे, तिचं वर्षानुवर्षांचं अंगदुखणं सरसकट सिकलसेलच्या नावावर टाकू नये. वाहकाला सहसा असा त्रास होत नाही. दुसरं कारण शोधायलाच हवं.

दुसरं पाण्यातलं फ्लोराइड. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात ते जास्त आहे. कंबर ताठ होणं, मान न वळणं, वाकता न येणं, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसणं, अशी लक्षणं गावात अनेकांना असतील तर पाण्याची तपासणी मागायची.

तिसरं चिकुनगुनिया. ताप चार दिवसांत जातो, सांधे मात्र महिनोन्महिने धरून राहतात. पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का, हे मी हमखास विचारते.

बाकीची यादी सगळीकडे असते तीच: थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ कमी असणं, साखर, आमवात. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ पडल्याची शंका घ्यायची. बोटांचे सांधे सुजलेले दिसत असतील आणि सकाळची ताठरता तासाभरापेक्षा जास्त टिकत असेल तर आमवाताची. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असेल तर तीही सांगायची, काहींना तिच्याने स्नायू दुखतात.

या तपासण्या एकदा नीट कराव्यात. दर नव्या दवाखान्यात पुन्हा एमआरआय काढून काही हाती लागत नाही, फक्त सोयाबीनचे पैसे जातात. आणि हेही लक्षात ठेवा की आमवात किंवा थायरॉइड असलेल्या माणसाला फायब्रोमायल्जियाही असू शकतो.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण? आपल्याकडे असतात का?

नर्सिंगनंतर वरचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, निदान करणारी आणि उपचार चालवणारी नर्स. ही पद्धत अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी तिथल्या खेड्यांत डॉक्टर कमी पडतात म्हणून ती उभी केली. आज अमेरिकेत त्या औषधंही लिहून देतात आणि फायब्रोमायल्जियाचे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातात.

भारतात अजून तसं नाही. इथे अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, बाळंतपणासाठीही वेगळा अभ्यासक्रम आहे. दीर्घ दुखण्यासाठी स्वतंत्र अशी नर्स नाही. गावपातळीवर तिच्या सर्वांत जवळ जातो तो समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे 'सीएचओ मॅडम' किंवा 'सीएचओ सर' म्हणतात. त्यांतले काही जण बीएस्सी नर्सिंग झालेले असतात, काही आयुर्वेदाचे पदवीधर. उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, आता त्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी आहे. तिथे ते बसतात. साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजाराला.

सीएचओ स्वतःहून फायब्रोमायल्जियाची औषधं सुरू करत नाहीत, तो अधिकार डॉक्टरांचा. पण टेबलावरच्या टॅबवरून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेने डॉक्टरांशी बोलणं करून देतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात आणि त्यानंतरची वाट तुमच्यासोबत चालतात.

डॉक्टर असताना नर्सकडे कशाला जायचं?

डॉक्टरांच्या ऐवजी नाही, त्यांच्यासोबत. हा आजार एका भेटीत आटोपत नाही. औषधाचा डोस हळूहळू जुळवावा लागतो, चालणं पाच मिनिटांवरून वाढवावं लागतं, मध्ये बिघडलं तर रुग्ण निराश होऊन सगळं सोडून देणार नाही हे बघावं लागतं. ओपीडीत शंभर माणसांची रांग असलेल्या डॉक्टरांना हे शक्य नसतं, मग त्यांचं मन कितीही चांगलं असो. उपकेंद्रातली नर्स गावातच असते. तिला माहीत असतं की तुमच्या घरी सासूबाई अंथरुणावर आहेत, पाणी कुठून आणता, नवरा काय म्हणतो. फायब्रोमायल्जियात ही माहिती औषधाइतकीच उपयोगी पडते. माझं स्पष्ट मत आहे की या आजारात पुन्हा पुन्हा होणारी भेट हाच उपचाराचा कणा आहे.

इंजेक्शन किंवा सलाईन घेतलं की दोन दिवस मोकळं वाटतं. त्यात वाईट काय?

वाईट हे की तिसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं, आणि त्या बाटलीत किंवा पुडीत काय होतं ते तुम्हाला कुणी सांगत नाही.

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. जुलाब-उलटीने पाणी कमी झालं तर ते जीव वाचवतं, अंगदुखीवर त्याचा उपयोग नाही. बरं वाटतं ते त्यात टाकलेल्या दुखणं मारणाऱ्या औषधाने किंवा स्टेरॉइडने. फायब्रोमायल्जियात सूज हे मूळ कारण नाही, म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या-इंजेक्शनांचा फारसा फायदा होत नाही. पोटात जखम आणि मूत्रपिंडावर ताण हे मात्र होऊ शकतं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या गावांतल्या, माणसांना मूत्रपिंडाची वेगळी चिंता करायला लावण्याची गरज नाही, ती त्यांच्या गावात आधीच आहे. उन्हात दिवसभर राबून, पाणी कमी पिऊन, वर रोज एक दुखण्याची गोळी, हे तर आणखी धोक्याचं.

स्टेरॉइडचं प्रकरण गंभीर आहे. लेबल नसलेली पांढरी गोळी, कागदात बांधलेली पुडी, 'गुडघ्याचं गावठी चूर्ण' यांत ते असू शकतं. सुरुवातीला जादू वाटते. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, दंडाची कातडी पातळ होऊन काळेनिळे डाग पडतात. असं काही तुम्ही बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर हे वाचून एकदम बंद करू नका. शरीराला त्याची सवय झालेली असते. अचानक बंद केल्यास उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं असं होऊन जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊन केंद्रावर या, कुणी रागावणार नाही. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतील.

मग डॉक्टर कोणती औषधं देतात?

बहुतेकदा सुरुवात रात्री झोपताना घ्यायच्या अमिट्रिप्टिलिनच्या अगदी लहान डोसने होते. हे मूळचं नैराश्याचं औषध आहे, म्हणून मेडिकलवाल्याने काही सांगितलं की घरचे घाबरतात. 'पागलपणाची गोळी दिली' असं म्हणत गोळी नालीत गेल्याचं मी पाहिलं आहे. लहान डोसमध्ये ती झोप गाढ करते आणि वेदनेची यंत्रणा शांत करते, त्यासाठीच दिलेली असते. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते, बद्धकोष्ठ होऊ शकतं. आणि आमच्याकडे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: या औषधाने घाम कमी येऊ शकतो. चंद्रपूर-अकोल्याचं तापमान पंचेचाळीसच्या घरात असताना घाम न येणं म्हणजे उष्माघाताला दार उघडणं. मे महिन्यात ही गोळी सुरू असेल तर दुपारी रानात जाऊ नका. हृदयाचा त्रास, काचबिंदू, लघवी अडकणं यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगाबालिन ही दुसरी दोन. पहिल्याने सुरुवातीला मळमळ होते, दुसऱ्याने चक्कर, पायांवर सूज, वजन वाढणं. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रीगाबालिनचा डोस कमी ठेवावा लागतो. यातलं कुठलंही शेजारणीला बरं वाटलं म्हणून घेऊ नका आणि एकदम सोडू नका. दिवस राहण्याची शक्यता असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगा.

औषधाने काहींना चांगला फायदा होतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. ते आधीच माहीत असलं तर माणूस हिरमुसत नाही. काही आठवड्यांनी उपयोग दिसला नाही तर ते बदलायचं किंवा थांबवायचं, वर्षानुवर्षं ओढत राहायचं नाही.

दिवसभर शेतात राबते, आणखी व्यायाम कशाला?

हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते आणि तिचा राग बरोबर असतो. जी पहाटे पाणी भरते, डबा करते, निंदणाला जाते, संध्याकाळी सरपण घेऊन येते, तिला 'व्यायाम करा' म्हणणं तिच्या कष्टांचा अपमान वाटतो.

तरी सांगते, कारण या आजारात सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचाच आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत इतक्या सगळ्या उपायांपैकी ठामपणे शिफारस फक्त व्यायामाची केली. निंदताना शरीर तासन्‌तास एकाच अवस्थेत वाकलेलं असतं, तेच चार स्नायू ताणले जातात, बाकीचे आखडतात. त्यात श्वास वाढत नाही, अंग सैल होत नाही, आणि मन 'किती तास बाकी आहेत' यात असतं. मोकळं चालणं वेगळं.

सुरुवात पाच मिनिटांनी करा. खरंच पाच. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. एक आठवडा तेवढंच. जमलं तर दोन मिनिटं वाढवा. पहिल्या पंधरवड्यात दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटेल, त्याला घाबरू नका. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवलंच नाही इतकं दुखलं तर मात्र जास्त झालं, मागे या. हळूहळू वीस-तीस मिनिटांवर, आठवड्यातून दोन-तीन वेळा पोचलं की पुष्कळ झालं. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत.

बाईमाणसाने एकटीने 'फिरायला' जाणं गावात अजून नजरेत भरतं. यावर बचत गट हा उत्तम उपाय आहे. मिटिंगच्या दिवशी सगळ्या मिळून गावाबाहेरच्या देवळापर्यंत जाऊन या. एकदा चार जणी निघाल्या की कुणी काही बोलत नाही. योगासनंही चालतात, पण शिबिरातल्यासारखं पहिल्या दिवशी सगळं करू नका.

वेचणी, रोवणी, महालक्ष्म्या. या दिवसांत काय करायचं?

फायब्रोमायल्जियाच्या बायांचं एक चक्र असतं. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची, मग तीन दिवस पडून राहायचं, मग अपराधी वाटून पुन्हा जोरात लागायचं. हे चक्र तोडणं हा उपचारातला फार मोठा भाग आहे.

कापूस वेचताना कंबरेला बांधलेली ओटी भरेपर्यंत तशीच ओढू नका, अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी करा. ते वजन दिवसभर कंबरेवर लटकत असतं. मजुरी किलोवर असते, हे मला माहीत आहे. चकरा वाढल्या की किलो कमी भरतात. पण पहिल्या दिवशी जास्त वेचून पुढचे दोन दिवस घरी बसण्यात तोटा जास्त आहे, आठवड्याचा हिशेब मांडून बघा. दुखायला लागायची वाट बघू नका, त्याआधीच थांबा. अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभं राहून खांदे मागे घ्या, दोन घोट पाणी प्या. धानाच्या बांधीत रोवणीला तर हे आणखी गरजेचं, कारण तिथे कंबर वर करायची उसंत नसते आणि पाय थंड चिखलात असतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ करा.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक एका दिवसावर येऊ देऊ नका. दळण, निवडणं, भांडी काढणं आठवडाभर आधी सुरू करा, आणि वाटून घ्या. यात घरातल्या मुलग्यांनी हात लावला तर देवीला चालतं.

रात्री झोपच लागत नाही.

झोप आणि दुखणं एकमेकांना वाढवतात. झोप सुधारली की दुखणं थोडं का होईना उतरतं, म्हणून मी सुरुवात बहुधा इथूनच करते. दुपारनंतरचा चहा बंद. हे सगळ्यांत अवघड जातं, कारण कुणाच्याही घरी गेलं की चहा येतोच. उठायची वेळ रोज एक ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दिवसा तासभर झोपू नका. मोबाइल उशाशी नको. घोरणं फार असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तर सांगा, त्यांचे उपचार वेगळे आहेत. रात्रपाळीने ओलिताला जाणाऱ्या पुरुषांना यातलं बरंचसं जमत नाही. विजेच्या वेळेवर आपला ताबा नाही. त्यांनी निदान ओलिताच्या दुसऱ्या दिवशी जड काम ठेवू नये.

म्हणजे हे टेन्शनमुळे होतं? मनाचा आजार आहे?

टेन्शनने वाढतं, एवढं खरं. कर्ज, नापिकी, घरातलं व्यसन, मारहाण, जवळच्याचा मृत्यू, यांनी मज्जासंस्था आधीच ताणलेली असते. पण 'मनाचा खेळ आहे' म्हणून हात झटकणं चुकीचं आहे. मनाविषयी आम्ही विचारतो ते दुखण्यावर शंका म्हणून नाही. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाचं मन खचतंच, आणि त्यालाही उपचार लागतो.

जगू नये असं वाटत असेल तर ते बोला. नर्सला सांगा, आशाताईला सांगा, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा, दिवसरात्र मराठीत बोलणारं माणूस मिळतं. आणि घरच्यांनी फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नये. कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे. त्या एका क्षणी हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो.

घरचे म्हणतात, सोंग करते.

पुढच्या भेटीला त्यांना घेऊन या. मी बहुतेकदा नवऱ्याला किंवा सासूबाईंना समोर बसवून तीच आकृती दाखवते, आजाराचं नाव सांगते. "दिसत तं काहीच नाही जी," असं म्हणणारा माणूस वाईट असतोच असं नाही, त्याला कुणी समजावलेलं नसतं. घरच्यांकडून दोन गोष्टी हव्या असतात: विश्वास आणि कामातला वाटा. पाण्याचे हंडे दुसऱ्या कुणी आणले तर तिच्या खांद्यांना जो आराम मिळतो तो मलमाने मिळत नाही. तिला सगळ्या कामातून काढून खाटेवर बसवणं हेही बरोबर नाही, त्याने अंग आणखी आखडतं.

पुरुषांना होतो का?

होतो. ते सांगत नाहीत. दारू घेऊन झोपतात आणि आजार झाकलेला राहतो.

काही पथ्य आहे का?

फायब्रोमायल्जियासाठी सिद्ध झालेला खास आहार नाही. वांगं, आंबट, वरण बंद करा असं कुणी सांगितलं असेल तर त्याला आधार नाही. तुरीचं वरण हेच आपल्याकडचं स्वस्त प्रथिन आहे, ते सोडू नका. ज्वारीची भाकर, पालेभाजी, जमलं तर अंडी. तंबाखू आणि दातांना लावायची मिश्री हळूहळू कमी करा.

मालिश, आयुर्वेद, भगत?

कोमट तेलाचं हलकं मालिश आणि शेक चालेल, बरं वाटतं. जोरात रगडून घेऊ नका, या आजारात त्याने उलट ठणकतं. आयुर्वेदाचं औषध घ्यायचं तर नोंदणीकृत वैद्याकडून, लेबल असलेलं, आणि आम्हाला सांगून. देवाला जा, मनाला धीर मिळत असेल तर त्याला कोण नाही म्हणेल? पण डाग देणं, चटके देणं, मारणं, हजारो रुपये मागणं यापासून दूर राहा.

पूर्ण बरा होतो का?

मुळापासून जाईल असं मी सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा. पण याने पांगळेपण येत नाही, सांधे वाकडे होत नाहीत, आयुष्य संपत नाही. दहापैकी नऊ असलेलं दुखणं पाचवर आलं, झोप लागायला लागली, नातवाला उचलता आलं, तर तो खरा फरक आहे. आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवं? एकीने सांगितलं, बाजाराच्या दिवशी एसटीत उभं राहून तालुक्याला जाता यावं. तिच्यासाठी ते ध्येय.

प्रगती मोजायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. रोज रात्री त्या चौकटीत दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा लिहा आणि झोप चांगली झाली असेल तर बरोबरची खूण करा. लिहिता येत नसेल तर वाईट दिवसाला मोठी टिकली, बऱ्या दिवसाला छोटी. महिन्याने पान बघितलं की कळतं, अमावस्येला नाही, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुखतं.

खर्च किती? अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही आरोग्य विभागाची ठिकाणं. तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. वरच्या तज्ज्ञाकडे जायचं तर यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि एम्स आहेत. तिथले दर वेगळे असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत फायब्रोमायल्जिया नाही. सिकलसेल आहे. तेव्हा 'यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, काढून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

थेट डॉक्टरांकडे कधी धावायचं?

ताप राहत असेल, वजन आपोआप उतरत असेल, सांधा लाल होऊन सुजला असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल, छातीत दुखत असेल, संडास काळी होत असेल. फायब्रोमायल्जियाचं निदान आधी झालेलं असलं तरीही. 'तिचं तं नेहमीचंच आहे' म्हणून ही लक्षणं अंगावर काढली जातात, ते होऊ देऊ नका.

केंद्रावर येताना काय आणू?

जुने सगळे रिपोर्ट, फाटलेले असले तरी. घरात असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, तेलं, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. आधार कार्ड, नोंदीला उपयोगी पडतं. मोबाइल ज्याच्या नावावर आहे ते माणूस किंवा निदान तो फोन, कारण ओटीपी त्यावर येतो. घरातलं एक जण. लसीकरणाचा दिवस टाळा, त्या दिवशी केंद्रात गर्दी असते आणि तुमच्याशी निवांत बोलता येत नाही. कोणता वार मोकळा असतो ते आशाताईला विचारून या.